रात्री ओटा कोरडा हवा!

झुरळ महिनाभर उपाशी राहू शकतं. पाणी मिळालं नाही, तर मात्र आठवड्या-पंधरवड्यात त्याचा खेळ संपतो. म्हणजे रात्री बेसिनमध्ये साचून राहिलेलं चमचाभर पाणी त्याला खरकट्या ताटाहून मोलाचं! रायपूरच्या तेलीबांध्यात, तलावाकाठच्या इमारतींत असो की श्यामनगरच्या गल्ल्यांत, झुरळाचं औषध आणण्याआधी एक साधं फडकं वापरून बघावं. झोपण्यापूर्वी बेसिन, ओटा आणि शेगडीखालची जागा पुसून खडखडीत कोरडी करायची. तीन मिनिटांचं काम आहे.

माझं ठाम मत आहे की स्वयंपाकघर दोनच गोष्टींनी बिघडतं: ओल आणि उशीर. तेल, पीठ, हळद, भाताची शितं हे सगळं मुळात अन्नच. त्याला ओल लागली किंवा ते तसंच पडून राहिलं की त्याची घाण होते. पुढे सांगतो ते बहुतेक किस्से याच दोघांचे आहेत.

नाव जर्मन, माहेर इकडचं

ट्रॉलीच्या बिजागरीत, मिक्सरच्या बुडाशी, फ्रिजच्या रबरात दडून बसणारं बारीक तपकिरी झुरळ जगभर ‘जर्मन झुरळ’ म्हणून ओळखलं जातं. कार्ल लिनियसने १७६७ मध्ये तसं नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी १७ देशांतल्या झुरळांची जनुकं तपासली, तेव्हा वेगळंच निघालं. ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये आशियाई झुरळापासून फुटली. मग व्यापाऱ्यांच्या आणि फौजांच्या सामानातून ती पश्चिमेला गेली. युरोपात पोहोचून तिला तीनशे वर्षंही झालेली नाहीत. रानात ही जात आता आढळत नाही, माणसाचं घर हेच तिचं घर.

मादीच्या अंड्यांच्या एका कुपीत तीस-चाळीस पिल्लं असतात आणि फुटायची वेळ येईपर्यंत ती कुपी ती अंगाला चिकटवून हिंडते. म्हणून ट्रॉल्या महिन्यातून एकदा पूर्ण बाहेर ओढाव्यात, मागची भिंत पुसावी, वाळू द्यावी आणि मगच आत सरकवाव्यात. नुसतं वरवर पुसून या पाहुण्या जात नाहीत.

मुंग्यांचं काम त्यामानाने सोपं. पुढे गेलेली मुंगी जमिनीवर वासाची रेघ ओढत जाते आणि बाकीच्या तिच्यामागून येतात. कोरड्या फडक्याने मुंग्या झटकल्या तरी रेघ राहतेच. साबणाच्या पाण्याने पुसलं की वाट मोडते.

घासणीत पाच हजार कोटी

२०१७ मध्ये जर्मनीतल्या फुर्टवांगेन विद्यापीठाच्या मार्कुस एगर्ट आणि सहकाऱ्यांनी घराघरांतल्या १४ वापरलेल्या स्पंजच्या घासण्या तपासल्या. त्यांत जिवाणूंचे ३६२ प्रकार सापडले. काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरात, म्हणजे साखरेच्या खड्याएवढ्या जागेत, पाच हजार कोटींहून जास्त जिवाणू होते. बहुतेक निरुपद्रवी, पण सगळेच नाहीत. त्याहून दचकवणारी गोष्ट पुढे आहे. ज्या घासण्या नेमाने उकळून किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवून ‘शुद्ध’ केल्या जात, त्यांतही जिवाणू कमी नव्हते. तापवल्यावर जे चिवट उरतात, तेच पुन्हा मोकळ्या जागेत वाढतात. संशोधकांचा सल्ला सरळ होता: घासणी आठवड्याला बदला.

नॉर्वेतल्या नोफिमा संस्थेने २०२२ मध्ये स्पंज आणि भांडी घासायचा ब्रश शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ब्रश दोन वापरांच्या मधल्या वेळात वाळतो आणि वाळता वाळता त्यातले साल्मोनेला मरतात. स्पंज ओलाच राहतो, त्यात ते तग धरतात. हे वाचल्यापासून मला आजीच्या पिढीच्या काथ्याबद्दल नव्याने आदर वाटू लागला आहे. नारळाचा काथ्या पाणी धरून ठेवत नाही, पिळला की झटकन वाळतो. स्पंज वापरायचाच असेल तर वाटीत, साबणाच्या चिखलात ठेवू नका. पिळून उभा किंवा टांगून ठेवा.

फडक्याचंही तेच. मॉरिशस विद्यापीठाने महिनाभर वापरलेली स्वयंपाकघरातली १०० फडकी तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. ४९ फडक्यांत जिवाणू वाढलेले होते. ओलसर फडक्यांत जास्त, आणि ज्या एकाच फडक्याने हात, भांडी, ओटा सगळं पुसलं जात होतं त्यांत जास्त. म्हणून हाताचं एक, भांड्यांचं एक, ओट्याचं एक अशी तीन फडकी असावीत, तीन रंगांची असली तर उत्तम. म्हणजे घरात कोणीही पुसायला घेतलं तरी घोटाळा नाही.

आपल्याकडे मे महिन्यात रायपूरचा पारा ४४च्या वर जातो. तेव्हा बाल्कनीत टाकलेलं फडकं दहा मिनिटांत पापड होतं, काळजी नाही. पण त्याच दिवसांत घरात कूलर चालू असतो आणि त्याचा दमट वारा थेट स्वयंपाकघरात शिरतो, तिथलं फडकं दुपारभर ओलंच राहतं. उन्हाळ्यात फडकं बाहेर आणि पावसाळ्यात पंख्याखाली, हा नेम ठेवावा.

हळदीचा डाग आणि कुंकू

पिवळा डाग पडलेल्या फडक्याला साबण लावला की तो लालभडक होतो आणि नवख्या माणसाला वाटतं, बिघडलं! बिघडलेलं काही नसतं. हळदीतला कर्क्युमिन क्षारात लाल होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही याच गुणामुळे. साबण निघून गेला की डाग पुन्हा पिवळा होतो. आणि कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. फडकं धुऊन कडक उन्हात टाकलं, की ब्लीचविना डाग फिका पडत जातो. मिक्सरच्या भांड्याचं पिवळं झालेलं झाकणही असंच उन्हात ठेवून बघा.

फोडणीच्या मागच्या भिंतीवर तैलरंग

उशीर काय करतो, ते चिमणीच्या जाळीवर दिसतं.

फोडणी तडतडली की तेलाचे बारीक कण उडून टाइल्सवर, जाळीवर, डब्यांच्या झाकणांवर बसतात. त्या रात्री ते नुसतं तेल असतं, साबणाच्या कोमट फडक्याने एका हातात निघतं. पण हवेतला प्राणवायू त्या थरात शिरतो, तेलाचे रेणू एकमेकांना सांधले जातात आणि थर आधी चिकट, मग टणक होतो. चित्रकाराचा तैलरंग वाळतो तो याच क्रियेने. त्या रंगात जवसाचं तेल असतं, कारण ते लवकर असं घट्ट होतं. विदर्भातून आलेल्या आणि छत्तीसगढच्या, दोन्हीकडच्या घरांत जवस आहेच. जवसाचं तेल सांडलं तर तासाभरात पुसावं, पंधरा दिवसांनी ते तेल राहत नाही, वार्निश होतं. शंभर-दीडशे वर्षं जगभरच्या घरांत अंथरलं गेलेलं लिनोलियम याच तेलापासून करत. यावरून तो थर किती चिवट असतो याचा अंदाज यावा.

म्हणून माझा आग्रह रोजच्या दोन मिनिटांचा आहे. शेगडी कोमट असतानाच, भांडी घासायला घेण्याआधी, मागच्या टाइल्सवरून फडकं फिरवा. हे रोज केलं तर दिवाळीत चाकूने खरवडत बसावं लागत नाही. चिमणीची जाळी दर महिन्याला गरम पाण्यात साबण घालून भिजवावी. जुना थर असेल तर धुण्याचा सोडा चालतो, मात्र जाळी अॅल्युमिनियमची असेल तर नको. सोड्याने अॅल्युमिनियम काळं पडतं आणि खाल्लंही जातं.

राखेने भांडी घासणाऱ्या बायकांना रसायनशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण राखेतले क्षार तेलकट भांड्यावर पडले की थोडासा साबण तिथल्या तिथे तयार होतो. चिंचेचं आम्ल तांब्या-पितळेवरचा काळा थर विरघळवतं. दोन्ही वेगवेगळं वापरायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज व्हिडिओत खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस दाखवतात. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आम्ल आणि क्षार एकमेकांना मारून टाकतात आणि मागे जवळजवळ खारट पाणी उरतं. आधी सोड्याने घासा, धुऊन टाका, मग हवं तर व्हिनेगर लावा.

एक मिश्रण मात्र कधीच करू नका. ब्लीच आणि कुठलंही आम्ल, म्हणजे व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं आम्ल, एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेततो.

भंडाऱ्याचं पितळ, चांप्याचं कासं

तेलीबांधा चौकातून जाणारा जीई रोड धरून पश्चिमेला निघालं की भिलाई, दुर्ग, राजनांदगाव मागे टाकत माणूस भंडाऱ्याला पोहोचतो, पितळी भांड्यांच्या गावाला. उलट्या दिशेला, बिलासपूरच्या पलीकडे चांपा आहे. तिथलं कासं, कोसा आणि सोनं ही तिन्ही प्रसिद्ध. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इकडे येत राहिलेल्या मराठी घरांत दोन्हीकडची भांडी आली. तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांतून ती पुढे नव्या वसाहतींत गेली आणि गंज (पातेलं), सराटा (उलथणं) हे वऱ्हाडी-नागपुरी शब्दही त्यांच्याबरोबर गेले.

ती भांडी माळ्यावर टाकू नका. ब्रिटनमधल्या नॉर्थंब्रिया विद्यापीठातल्या रॉब रीड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की पितळी भांड्यात ठेवलेल्या पाण्यातले ई. कोलाय जिवाणू ४८ तासांत सापडेनासे होतात. धातूतून सुटणारे तांब्याचे सूक्ष्म कण त्यांना मारतात. २००८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तांब्याच्या मिश्रधातूंची नोंदच जिवाणूनाशक म्हणून केली. मात्र कल्हई गेलेल्या पितळी गंजात आमटी, ताक, चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं आणि पोटाला बाधतं. पाणी ठेवायचं तर आत नुसतं पितळ चालेल, आंबट पदार्थाला कल्हई हवीच. कल्हईचं कथील २३२ अंशांवर वितळतं. म्हणूनच कल्हईवाला भाता मारून भांडं तापवतो, नवसागर टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने दोन मिनिटांत चांदी फिरवतो. रिकामं भांडं आचेवर विसरलं तर तेच कथील ओघळून जातं.

लाकडी पोळपाटालाही विनाकारण बदनाम केलं गेलंय. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डीन क्लिव्हर यांनी १९९०च्या दशकात भाजी-मांस चिरायच्या लाकडी आणि प्लास्टिकच्या पाटांवर जिवाणू सोडून पाहिले. लाकडात ते आत शोषले जाऊन हळूहळू मेले. चाकूच्या चिरा पडलेल्या प्लास्टिकवर मात्र धुतल्यावरही टिकले. पण लाकूड वाळायलाच हवं. पोळपाट धुऊन आडवा ठेवू नका, भिंतीला टेकवून उभा करा.

भात, बासी आणि दोन तास

अनुकूल उबेत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. रात्री दहाला बेसिनमध्ये ठेवलेल्या खरकट्या कुकरात एकच जिवाणू आहे असं धरा. सकाळी सहापर्यंत २४ वेळा दुप्पट, म्हणजे १,६७,७७,२१६! प्रत्यक्षात अन्न संपतं, जागा संपते, सगळे तेवढे वाढत नाहीत. तरीही रात्रीची भांडी रात्रीच घासावीत या घरोघरच्या शिस्तीमागे हे गणित आहे. घासणं जमलं नाही तर निदान खरकटं काढून विसळून ठेवावीत.

भाताबद्दल जास्त सांगायला हवं, कारण आपण तांदळाच्या मुलखात राहतो. तांदळावर बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवल्याने मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत ओट्यावर राहिला की ते उगवतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते यासाठीच.

मग छत्तीसगढची बासी? रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी मीठ, कांदा, मिरचीबरोबर खायचं हे अन्न शेतात राबणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या खाल्लं आहे. १ मे २०२२ला तर तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांच्या आवाहनावरून राज्यभर बोरे-बासी खाऊन कामगार दिन साजरा झाला. भात पाण्यात आंबतो तेव्हा लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि घातक जिवाणूंना ते मानवत नाही. पण ही राखण भांडं स्वच्छ असेल, हात स्वच्छ असतील, पाणी चांगलं असेल आणि भात निवताच पाण्यात गेला असेल तरच होते. दिवसभर डब्यात राहिलेल्या भातावर रात्री पाणी ओतलं म्हणून बासी होत नाही. आणि रायपूरच्या उन्हाळ्यात सकाळची बासी सकाळीच संपवावी.

शिकागो, १८९३

नरेंद्रनाथ दत्त हा मुलगा १८७७ मध्ये घरच्यांबरोबर रायपूरला आला आणि जवळपास दोन वर्षं बूढापाऱ्यात राहिला. पुढे स्वामी विवेकानंद म्हणून त्यांनी ११ सप्टेंबर १८९३ला शिकागोची सर्वधर्म परिषद गाजवली. ती परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, त्याच प्रदर्शनात जोसेफिन कॉक्रेन या बाईंचं भांडी धुण्याचं यंत्र मांडलेलं होतं. पेटंट २८ डिसेंबर १८८६चं. त्यांच्या नाजूक चिनी मातीच्या बशांचे टवके नोकरांच्या हातून उडत होते, तेवढ्यावरून त्यांनी यंत्रच बांधलं.

१९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी जर्मनीत फ्रँकफुर्ट किचन आखलं: १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे आजच्या टू बीएचकेतल्या स्वयंपाकघराएवढंच. अशी सुमारे १०,००० बसवली गेली. कपाटांना निळा-हिरवट रंग, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असा तेव्हाचा समज. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे, कारण त्यातल्या टॅनिनने कीड लागत नाही. आपण गव्हात कडुलिंबाचा पाला घालतो ना? विशेष म्हणजे हे आखेपर्यंत या बाईंनी स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता. त्यांनी पावलं मोजली आणि घड्याळ लावलं.

पायाने उघडणारी कचऱ्याची बादली आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेय लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन अभियंत्या बाईंना दिलं जातं. बारा मुलांची आई! त्या दारात मात्र दूध ठेवू नका, फ्रिजमधली सगळ्यात कमी थंड जागा तीच. फ्रिज पुसायचा दिवस भाजीबाजाराच्या आदल्या दिवशी ठेवावा, तेव्हा तो आपोआप अर्धा रिकामा असतो.

टोपलीभर माती, खेळातली चूल

चुलीच्या काळात नेम चुकवायची सोयच नव्हती. रोज शेणामातीने चूल सारवायची आणि भिंतीला छुही माती, छत्तीसगढची पांढरी माती, लावायची. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्र्यांनी १९०१ मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ मासिकात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदी कथा लिहिली. झोपडी गमावलेली म्हातारी जमीनदाराकडे टोपलीभर माती मागते ती चूल घालण्यासाठी. त्या चुलीवर रांधलं तर नात जेवेल, एवढीच तिची आशा. पुढे सप्र्यांनीच ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले.

इकडे पोळ्याला, म्हणजे पोऱ्याला, मुलांना मातीचे बैल आणि मुलींना मातीचं जातं, चूल, भांडी मिळतात. नागपूरकडून आलेल्या घरांना तान्ह्या पोळ्याची आणि भातुकलीची आठवण एकाच दिवशी यावी असा हा सण. माझी सूचना आहे की आता मुलांनाही ती चूल द्यावी आणि खेळ संपल्यावर भांडी पुसून ठेवायला दोघांनाही सांगावं. फडकं कुठे टांगतात ते पाच वर्षांच्या मुलाला सहज शिकवता येतं.

सालं कुठे जातात?

छत्तीसगढला स्वच्छ सर्वेक्षणात २०१९, २०२० आणि २०२१ अशी सलग तीन वर्षं अव्वल राज्याचा मान मिळाला. त्यात अंबिकापूरच्या बचत गटांतल्या बायकांचा मोठा वाटा आहे. त्या घरोघर जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा गोळा करतात. त्याच शहरात ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘गार्बेज कॅफे’ सुरू झाला: एक किलो प्लास्टिक आणा, पोटभर जेवा. पण दुधीची सालं दुधाच्या पिशवीत कोंबून दिली की या बायकांना ती हाताने उपसावी लागतात. ओल्या कचऱ्याची बादली रात्री रिकामी करणं, धुणं आणि उपडी घालणं हा त्यांच्यावरचा उपकार नाही, आपल्या वाट्याचं काम आहे.

सूप, केरसुणी आणि गॅसची नळी

शीतलामातेची मूर्ती नीट पाहा: गाढवावर बसलेली, हातात झाडू आणि पाण्याचा कलश, जवळ सूप. घर साफ ठेवायची तिन्ही साधनं देवीपाशी! श्रावणातल्या शीतला सप्तमीला अनेक घरांत चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं खातात. त्या दिवशी शेगडी थंडच असते, तेव्हा बर्नर काढून धुवावेत, छिद्रं सुईने मोकळी करावीत आणि पूर्ण वाळवूनच बसवावेत. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली आणि पातेल्याची बुडं काळी होऊ लागली, तर सप्तमीची वाट बघायची नाही. कुकरची शिट्टीची नळीही दर वेळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहावी, डाळीचं एक साल अडकलं तरी वाफेला वाट राहत नाही.

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. त्याच दिवशी गॅसची रबरी नळी तपासून घ्यावी. आयएसआय छापाची ‘सुरक्षा’ नळीसुद्धा पाच वर्षांत बदलावीच लागते, मध्येच चीर दिसली तर लगेच. ती पुसायची नुसत्या ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने. बसवल्याची तारीख गॅसच्या पुस्तकावर लिहून ठेवावी.